गरिबी शिकवायची तर आधी हिशोब मांडा : हायस्कूलच्या वर्गात जगातली अत्यंत गरिबी कशी घ्यायची

पहिल्यांदा हा विषय वर्गात घेतला तेव्हा मी प्रोजेक्टरवर फोटो लावले. हाडं दिसणारी लहान मुलं, पत्र्याची घरं, सगळं होतं. वर्ग एकदम शांत झाला, दोन मुली रडल्या आणि मला वाटलं की तास छान झाला. चार दिवसांनी सहज विचारलं की ही माणसं गरीब का आहेत, तर मागच्या बाकावरून उत्तर आलं, "काम करत नसतील." आणि निम्म्या वर्गाने मान डोलावली. त्या दिवशी कळलं की पोरांना वाईट वाटलं होतं, पण समजलं काहीच नव्हतं. कीव आली की डोकं विचार करायचं थांबतं, आणि कीव चार दिवसांत उतरते सुद्धा. तेव्हापासून मी हा विषय हिशोबापासून सुरू करते. साधारण सहा तास लागतात, ते कसे घेते ते इथे लिहितेय, ज्यांना वर्गात घ्यायचंय त्यांनी आपापल्या सोयीने बदल करून घ्या.

सगळ्यात आधी एक गोष्ट, आणि ही अजिबात विसरू नका. तुमच्या वर्गात पण कोणीतरी असं असतं ज्याच्या घरी महिनाअखेर ओढाताण असते. त्यामुळे "तुमच्या घरी किती खर्च होतो", "तुमच्याकडे काय काय आहे ते लिहा" असले प्रश्न चुकूनही विचारायचे नाहीत. "आपण किती नशीबवान आहोत बघा" हे वाक्य तर तोंडातून काढूच नका, कारण 'आपण' म्हणजे नक्की कोण हे तुम्हाला माहीत नसतं. जे काही उदाहरण घ्यायचं ते कागदावरच्या, बनवलेल्या कुटुंबाचं घ्या.

पहिला तास अंदाजांचा. प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या, नाव लिहायचं नाही, फक्त आपल्याला ओळखू येईल अशी एक खूण करायची. फळ्यावर एकच प्रश्न : १९९० पासून आजपर्यंत जगात अत्यंत गरीब माणसांचं प्रमाण वाढलं, तेवढंच राहिलं की कमी झालं? आणि खाली, आज दर दहा माणसांत किती जण अत्यंत गरीब असतील? चिठ्ठ्या गोळा करून तिथेच मोजायच्या आणि फळ्यावर काड्या मारत जायचं. माझ्या वर्गात दरवर्षी बहुतेक पोरं 'वाढलं' लिहितात, आणि दहात चार-पाच हा आकडा सगळ्यात जास्त वेळा येतो. मग खरं सांगायचं. १९९० च्या सुमारास दहात साधारण चार माणसं अत्यंत गरीब होती, आता दहात एक. या जागी वर्गात जो गलका होतो तो होऊ द्या, लगेच पुढे जाऊ नका. कोणीतरी म्हणतंच की मग प्रश्न सुटला की. तेव्हा दुसरा आकडा टाकायचा : दहात एक म्हणजे आज ऐंशी कोटींच्या आसपास माणसं. प्रमाण खूप कमी झालं हे पण खरं आणि उरलेली संख्या प्रचंड आहे हे पण खरं. या दोन गोष्टी एकदम डोक्यात धरता येणं हेच मुळात शिकवायचंय, बाकी आकडे ती विसरली तरी चालतील.

दुसरा तास दारिद्र्यरेषेचा, म्हणजे अत्यंत गरीब कोणाला म्हणायचं त्याचा. हा तास रटाळ होईल असं वाटतं पण नीट घेतला तर याच तासात सगळ्यात जास्त हात वर येतात. जागतिक बँकेने १९९० मध्ये रोज माणशी एक डॉलर ही रेषा लोकांपुढे आणली. जगातल्या सगळ्यात गरीब देशांनी स्वतःसाठी ज्या दारिद्र्यरेषा ठरवल्या होत्या त्यांच्यावरून ती काढली. पुढे किमती बदलल्या तशी ती १.२५ झाली, २०१५ मध्ये १.९०, २०२२ मध्ये २.१५ आणि जून २०२५ मध्ये ३ डॉलर. आता पोरांना हे सांगा की २०२२ सालच्या जगाकडे जुन्या रेषेने बघितलं तर ७१ कोटी माणसं अत्यंत गरीब दिसतात आणि नव्या रेषेने बघितलं तर जवळपास ८४ कोटी. म्हणजे साधारण साडेबारा कोटी माणसं वाढली, आणि त्या दिवशी खरं तर कोणाच्याही घरात काहीच बदललं नव्हतं. मग हे झालं कसं? पाच मिनिटं त्यांनाच भांडू द्या. उत्तर असं की किमतींची नवी माहिती आली, काही गरीब देशांनी स्वतःच्या रेषा वर नेल्या, आणि मोजायची पट्टीच बदलली. पुढे कधी पेपरात "गरिबी वाढली" असं वाचलं तर कुठल्या पट्टीने, हा प्रश्न पोरांच्या तोंडी आला पाहिजे.

याच तासाला एक शंका शंभर टक्के येते : "पण तिथे सगळं स्वस्त असतं ना?" ही शंका खूप चांगली आहे, तिला झटकू नका. तीन डॉलर म्हणजे बँकेत जाऊन बदलून मिळतील ते तीन डॉलर नव्हेत. २०२१ साली अमेरिकेत तीन डॉलरमध्ये जेवढं विकत येत होतं, तेवढंच विकत घेता येईल इतके त्या त्या देशातले पैसे. स्वस्ताई आधीच धरलेली आहे, याला क्रयशक्ती म्हणतात. आणि दुसरं, जे शेतात पिकवून घरीच खाल्लं त्याचीही किंमत त्यात मोजतात. म्हणजे जेवण, कपडे, छप्पर, औषध, शाळा, जळण, प्रवास, सगळं मिळून अमेरिकेतल्या तीन डॉलरइतकं. हे नीट पोचलं की वर्गाचा चेहरा बदलतो, एकाही फोटोशिवाय.

तास संपता संपता विचारा की पैसे अजिबात न मोजता गरिबी ओळखायची असेल तर घरात काय काय बघाल. त्यांची यादी फळ्यावर लिहून घ्या आणि मग ऑक्सफर्ड विद्यापीठातला एक गट आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांनी २०१० पासून चालवलेला बहुआयामी गरिबी निर्देशांक शेजारी मांडा. त्यात दहा गोष्टी आहेत : पोषण, घरात झालेले बालमृत्यू, शाळेची वर्षं, मुलं शाळेत जातात का, स्वयंपाकाचं जळण, संडास, पिण्याचं पाणी, वीज, घर कशाचं बांधलंय आणि घरातल्या वस्तू. पोरांच्या यादीत यातल्या सहा-सात येतातच. जळण मात्र जवळजवळ कधीच येत नाही, आणि मग धूर, लाकडं गोळा करण्यात जाणारे तास, ते काम घरात कोण करतं, असं बोलणं आपोआप निघतं. या मोजणीतल्या गरीब माणसांपैकी निम्म्याहून जास्त अठरा वर्षांखालची आहेत हे पण सांगा, कारण समोर बसलेली सगळी त्याच वयाची आहेत.

तिसरा आणि चौथा तास खेळाचा, जमलं तर सलग घ्या. वेळ कमी असेल तर बाकी सगळं गाळा पण हा ठेवा.

पाच-पाच जणांचे ग्रुप करायचे, प्रत्येक ग्रुप म्हणजे एक कुटुंब, आईवडील आणि तीन मुलं. एक फासा आणि पैशांऐवजी बटणं. एक डाव म्हणजे एक आठवडा, असे बारा डाव. दर आठवड्याला पोटभर खायला सहा बटणं लागतात, जळण-पाणी आणि बारीकसारीक मिळून दोन, म्हणजे एकूण आठ. फासा टाकायचा : १ पडला तर काम नाही, शून्य बटणं. २ किंवा ३ पडला तर सहा, ४ किंवा ५ पडला तर दहा, ६ पडला तर सोळा. आता हुशार पोरं लगेच सरासरी काढतात आणि ती बरोबर आठ येते. म्हणजे सरासरीने बघितलं तर या कुटुंबाचं भागतंय. हे त्यांना ठामपणे म्हणू द्या.

मग खेळ सुरू करा. दर दोन डावांनी एक चिठ्ठी उचलायची : ताप आला, पाच बटणं. छप्पर गळतंय, चार. शाळेची फी, तीन. नात्यात कोणी गेलं, सहा. दोन-तीन चिठ्ठ्या कोऱ्या पण ठेवा. बटणं कमी पडली तर मार्ग तीनच : कमी जेवायचं म्हणजे सहाऐवजी चारच बटणं, पण तसं लागोपाठ दोनदा केलं तर पुढच्या डावात फाशाच्या कमाईतून दोन वजा, कारण उपाशी माणसाचं काम कमी होतं. किंवा उसने घ्यायचे, आज पाच घेतले तर दोन डावांनी सहा परत. किंवा थोरल्या मुलीची शाळा सोडवून तिला कामाला लावायचं, दर डावाला दोन बटणं जास्त, पण एकदा शाळा सोडली की खेळ संपेपर्यंत परत जाता येत नाही. तुम्ही मध्ये पडू नका, फक्त फिरत राहा आणि कान उघडे ठेवा.

एका वर्षी एका ग्रुपला चौथ्या आणि पाचव्या डावात लागोपाठ १ पडला आणि वर तापाची चिठ्ठी. आधीचं उसनं फेडायचं होतंच. त्यातला एक मुलगा, गणितात एकदम पक्का, शांतपणे म्हणाला की मुलीला शाळेतून काढू, हिशोब तसाच सांगतोय. शेजारची मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. मग तीच म्हणाली की मला पण दुसरं काही सुचत नाहीये. त्या ग्रुपने ते केलं आणि पुढच्याच डावात ६ पडला. सोळा बटणं समोर आणि शाळा गेलेली. पुढचे डाव ती पाचही जणं फारसं बोलली नाहीत.

खेळ संपल्यावर मी एकच प्रश्न विचारते : सरासरी आठ होती, गरज आठ होती, मग नडलं कुठे? आणि उत्तर पोरंच देतात, की पैसे कमी होते त्यापेक्षा ते कधी येतील हे माहीत नव्हतं. रोज तीन डॉलर म्हणताना आपण समजतो की रोज संध्याकाळी तीन डॉलर हातात येतात. तसं नसतं, ती वर्षाची वाटणी असते, मध्ये आठवडेच्या आठवडे कोरडे जातात. त्यामुळे गरीब माणूस दिवसभर हिशोब करत असतो, कोणाकडून उसनं घ्यायचं, कोणाचं आधी फेडायचं, काय पुढे ढकलायचं. "काम करत नसतील" म्हणणारा वर्ग या खेळानंतर तसं म्हणत नाही. मला समजावून सांगावं लागत नाही.

एक इशारा पण देऊन ठेवते. एक दिवस उपाशी राहून बघा, एक रात्र जमिनीवर झोपा, असले उपक्रम काही ठिकाणी करतात, मला ते पटत नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत मिळणार हे माहीत असताना केलेला उपास वेगळाच असतो आणि पोरांना उगीच वाटतं की आपल्याला आता कळलं. बटणांच्या खेळात निदान कोणी तसं समजत नाही, तो खेळ आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

पाचवा तास 'का' चा. इथे अख्ख्या जगाची कारणं एकदम सांगायला गेलात तर पोरांच्या वहीत फक्त 'भ्रष्टाचार, लोकसंख्या, शिक्षणाचा अभाव' एवढे तीन शब्द उतरतात. त्यापेक्षा एकच देश घ्या आणि का, का, का करत मागे जा. मी काँगो लोकशाही प्रजासत्ताक घेते. आज तिथे चारात निदान तीन माणसं अत्यंत गरीब आहेत, आणि जगात खाणीतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी निम्म्याहून बराच जास्त तिथूनच येतो, म्हणजे फोनच्या बॅटरीतला. मग जमिनीत एवढं असून घरात काही का नाही? मागे जायचं : १८८५ ते १९०८ हा सगळा मुलूख बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खाजगी मालमत्ता होती, रबराचा कोटा पूर्ण झाला नाही तर माणसांचे हात तोडले जायचे. मग बेल्जियम सरकारचं राज्य. १९६० मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा अख्ख्या देशात विद्यापीठाची पदवी घेतलेले काँगोलीज लोक वीसच्या आसपास. देश चालवायचा कोणी? १९६५ पासून १९९७ पर्यंत मोबुटूची हुकूमशाही, आणि लगेच युद्धं, ज्यात शेजारचे कितीतरी देश उतरले. फळ्यावर बाण काढत काढत हे केलं की पोरांना दिसतं की कोणी एक आळशी नव्हतं.

आणि फळ्यावर काँगोच्या बाजूला आफ्रिकेतलाच बोट्सवाना हा देश तुलनेला ठेवा, नाहीतर पोरं म्हणतील की वसाहत होती म्हणजे संपलं सगळं. १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तो जगातल्या सगळ्यात गरीब देशांपैकी एक होता, पक्के रस्ते अवघे काही किलोमीटर. पुढे हिरे सापडले, पण त्या पैशाचा मोठा हिस्सा सरकारने करारात पक्का केला आणि शाळा, दवाखाने, रस्ते यांत घातला, निवडणुका पण होत राहिल्या. पुढची कित्येक वर्षं जगातल्या सगळ्यात वेगाने वाढणाऱ्या अर्थव्यवस्थांत त्याचं नाव होतं. अर्थात तिथे विषमता खूप आहे, एचआयव्हीने फार मोठं नुकसान केलं, आणि लोकसंख्याही काँगोच्या मानाने अगदी छोटी, तेव्हा 'यांनी केलं मग त्यांनी का नाही' असा निष्कर्ष कोणी काढला तर थांबवा. दोन्हीकडे खनिजं, मग फरक कशाने पडला, हा प्रश्न घरी विचार करायला द्या.

वेळ उरला तर अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल दाखवून दिलेली गोष्ट सांगा, की माणसं मेली ती धान्य नव्हतंच म्हणून नव्हे, तर ते विकत घ्यायची ऐपत गेली म्हणून. खेळातल्या शून्य बटणांशी ते लगेच जुळतं.

सहावा तास : कोणते उपाय कामी आले. हा तास नसेल तर पोरं हताश होऊन जातात, म्हणून कितीही घाई असली तरी टाळू नका. चीनमध्ये चाळीस वर्षांत ऐंशी कोटींच्या जवळपास माणसं अत्यंत गरिबीतून बाहेर आली, शेतीतल्या सुधारणा आणि मग कारखाने, हे सांगायलाच लागतं कारण जगाच्या आकड्यातली मोठी घट तिथली आहे. पण पोरांच्या लक्षात राहते ती १९७१ ची गोष्ट. बांगलादेश मुक्तियुद्धात निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला, बनगावच्या छावणीत सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खायचा सोडा यांचं पाणी पिंपांत भरून ठेवलं, नळ लावले आणि घरच्या माणसांनाच सांगितलं की पाजत राहा. कॉलऱ्याने शंभरात तीसच्या आसपास माणसं जात होती ती चारच्या खाली आली. पुढे ब्रॅक संस्थेच्या बायकांनी बांगलादेशात घरोघर जाऊन आयांना चिमूटभर मीठ आणि मूठभर गुळाचं हेच पाणी करायला शिकवलं. १९९० मध्ये जगात पाच वर्षांखालची सव्वा कोटीहून जास्त मुलं दगावली, २०२२ मध्ये ४९ लाख. अजून खूप आहेत, पण ज्यांनी हे केलं ती माणसं होती आणि त्यांच्या हातात मीठ-साखर होती.

आणि ब्रॅकचाच दुसरा प्रयोग, २००२ पासूनचा. सगळ्यात गरीब घरांना नुसती मदत न देता एक कमाईचं साधन, गाय किंवा शेळ्या वगैरे, सुरुवातीचे काही महिने खर्चाला थोडे पैसे, शिकवणी, बचत आणि दर आठवड्याला कोणीतरी येऊन विचारपूस, सगळं एकत्र. हेच सहा देशांत करून तपासलं, २०१५ मध्ये निकाल आले आणि मदत थांबून वर्ष झालं तरी घरं सावरलेली दिसली. होंडुरासमध्ये मात्र लोकांनी घेतलेल्या कोंबड्या रोगाने मेल्या आणि तिथे साधन बुडालं. हे अपयश लपवू नका, उलट पोरांना विचारा की तुम्ही असता तर काय बदललं असतं. नंतर बटणांच्या खेळाकडे परत या : प्रत्येक कुटुंबाला सुरुवातीलाच वीस बटणं एकरकमी मिळाली असती तर? उधळतील, असं कोणीतरी म्हणतंच. रोख मदतीवरचे बरेच अभ्यास जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी एकत्र तपासले तेव्हा दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं दिसलं नाही, हे तेव्हा सांगा, आधी नको.

"मग आम्ही काय करू?" हा प्रश्न येणार. लगेच पैशाचा डबा फिरवू नका, त्यातून परत कीवच शिकवली जाते, शिवाय ज्याच्याकडे द्यायला नाही तो पोरगा खाली मान घालून बसतो. मी त्यांना एखादी संस्था किंवा योजना निवडायला लावते आणि तिला तीन प्रश्न : ज्यांच्यासाठी आहे त्यांना विचारलं होतं का, काम झालं हे मोजलं कसं, आणि फसलं तेव्हा ते सांगितलं का. पंधरा-सोळा वर्षांची पोरं यात मोठ्यांपेक्षा कडक असतात.

परीक्षा म्हणून आकडे विचारू नका. एखादी बातमी किंवा मदत मागणारं पोस्टर द्या आणि विचारा की यात गरीब माणूस काही करताना दिसतो का, की नुसता बघताना. फोटो वापरायचेच असतील तर गॅपमाइंडर या संस्थेची डॉलर स्ट्रीट ही वेबसाइट बघा, जगभरातल्या घरांचे फोटो कमाईप्रमाणे लावलेले आहेत. देशाचं नाव झाकून फक्त चुली किंवा फक्त टूथब्रश दाखवा आणि कमाईच्या क्रमाने लावायला सांगा. वेगवेगळ्या खंडांतली पण सारख्याच कमाईची घरं किती सारखी दिसतात हे पोरं स्वतःच ओरडून सांगतात.

अगदी शेवटी पहिल्या दिवशीच्या चिठ्ठ्या टेबलावर पसरायच्या, आपापली खूण ओळखून घ्यायची, मागे आजचं उत्तर आणि एक प्रश्न लिहायचा. मागच्या वर्षी एका चिठ्ठीवर होतं, "तीन डॉलर ठरवताना ज्यांच्याकडे तीन डॉलर नाहीत त्यांना कोणी विचारलं का?" या वर्षी दुसरा तास मी याच प्रश्नाने सुरू केला.